कळंबची प्रभातफेरी

दिल्लीचें संचलन आतां घरबसल्या पाहावयास मिळतें. १९५० सालीं पहिलें संचलन आयर्विन स्टेडियमवर झालें, १९५५ पासून तें राजपथावर होऊं लागलें आणि त्या राजपथाचें नांव २०२२ सालीं कर्तव्यपथ झालें. पलटणींचीं पावलें, राज्याराज्यांचे चित्ररथ आणि शेवटीं डोक्यावरून जाणारीं विमानें हा क्रम मात्र ठरलेला. दरवर्षीं तोच क्रम पाहून मला कंटाळा येत नाहीं, हें आधींच कबूल करतें. तथापि २६ जानेवारी हे शब्द कानांवर पडले, कीं माझ्या डोळ्यांपुढें जें उभें राहतें तें दिल्लीचें संचलन नव्हे. तें असतें कळंबच्या बाजारांतून निघालेलें शेंदीडशें मुलांचें संचलन. पुढें लेझीम, मागें एक ढोल, त्यामागें दोन-दोनांच्या रांगा, थंडीनें फुटलेले ओठ, आणि रांग मोडली म्हणून कोणाच्या तरी पाठीवर बसणारी गुरुजींची हलकी थाप.

कळंब हें कर्जत तालुक्यांतील गांव. माझ्या लहानपणीं आमचा जिल्हा कुलाबा होता. त्याचें रायगड झालें तें १९८१ सालीं. रायगड जिल्हा म्हटल्यावर पुण्यामुंबईच्या वाचकांस समुद्र आणि नारळीपोफळीच्या बागा आठवतात. आमच्याकडे त्यांतलें कांहीं नाहीं. पश्चिमेस माथेरानचा डोंगर, पूर्वेस भीमाशंकरच्या बाजूची सह्याद्रीची भिंत, आणि या दोहोंच्या मध्यें भाताचीं खाचरें, माळ व डोंगराच्या पायथ्यापर्यंत विखुरलेल्या ठाकरांच्या व कातकऱ्यांच्या वाड्या. नेरळकडून येणारा रस्ता आणि कर्जतहून मुरबाडकडे जाणारा रस्ता येथें एकमेकांस भेटतात, म्हणून गांवाला नाका आहे. आणि नाका आहे म्हणून चार दुकानें आहेत.

जानेवारींतील सकाळ आमच्याकडे फार सुरेख असते. भात कापून, झोडून घरांत आलेलें असतें. खळ्याकडेला पेंढ्याच्या उडव्या उभ्या असतात. मोकळ्या खाचरांतून वाल पेरलेले असतात आणि त्यांच्या शेंगा नुकत्याच भरूं लागलेल्या असतात. रात्रीं कोठें तरी पोपटी लागलेली असली, तर भांबुर्ड्याच्या पाल्याचा आणि भाजलेल्या शेंगांचा वास सकाळपर्यंत रेंगाळतो. पोश्री नदीवर धुकें असतें. सूर्य पूर्वेच्या डोंगरामागून वर यावयास उशीर लागतो, त्यामुळें उजाडलें तरी ऊन नसतें. आणि नेमकी हीच वेळ प्रभातफेरीची. आम्ही मुलें उन्हाची वाट पाहत ओरडत असूं. घोषणा जितकी मोठी तितकी ऊब अधिक, असा आमचा साधा हिशेब होता.

प्रभातफेरी ही कोणा सरकारी परिपत्रकानें जन्मास घातलेली गोष्ट नव्हे. पहांटे देवाचें नांव घेत दारोदार फिरणारा वासुदेव आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होता, काकडआरती होती, दिंडी होती. लाहोरच्या काँग्रेसनें पूर्ण स्वराज्याचा ठराव केल्यावर २६ जानेवारी १९३० हा दिवस स्वातंत्र्यदिन म्हणून देशभर पाळला गेला, आणि त्या वर्षीं सुरू झालेल्या कायदेभंगाच्या चळवळींत ही जुनी चाल लोकांनीं नव्या कामास लाविली. झोंपलेल्या गल्लींतून गात जावयाचें, आणि पोलीस यावयाच्या आंत दुसऱ्या गल्लींत पोंचावयाचें. ज्यांना सभेस जाण्याची भीति वाटे, त्यांनाहि अंथरुणांत पडल्या पडल्या फेरी ऐकूं येई. हाच २६ जानेवारीचा दिवस पुढें १९५० सालीं राज्यघटना अमलांत आणण्यासाठीं मुद्दाम निवडला गेला. म्हणजे आमची फेरी ही दिल्लीच्या संचलनाची धाकटी बहीण नव्हे. वयानें तीच थोरली आहे.

आमची शाळा त्या वेळीं लोकल बोर्डाची होती. जिल्हा परिषदा आल्या त्या १९६२ सालीं. मी जी फेरी सांगत आहें ती १९५९ व १९६० या दोन वर्षांची. मी तेव्हां नऊ-दहा वर्षांची होतें. फेरी शाळेपासून निघे, बाजारांतून नाक्यावर जाई, तेथून वळसा घेऊन आमच्या आळींत येई व पुन्हां शाळेंत परते. प्रथम भारतमातेचा जयजयकार, मग महात्मा गांधींचा, मग पंडित नेहरूंचा. आमच्या घरासमोर आल्यावर गुरुजी हात वर करून फेरी थांबवीत. थांबण्याचें कारण आमची आजी.

संक्रांतीचा तिळगूळ रथसप्तमीपर्यंत द्यावयाचा असतो, आणि २६ जानेवारी बहुधा त्या मुदतींत येते. आजी परातभर तिळाच्या वड्या घेऊन ओटीवर उभी राही. मुलें जोत्याखालीं रांगेनें येत, हात पसरीत, आणि आजी प्रत्येकाच्या हातावर एक एक वडी टाकी. 'टाकी' हाच शब्द येथें बरोबर आहे. आजी सोंवळ्यांत असे आणि मुलें साऱ्या गांवचीं व वाड्यांचीं असत, त्यामुळें तिचा हात आणि मुलाचा हात यांत चांगलें वीतभर अंतर राही. मी घरचीच असल्यामुळें माझी वडी मात्र माझ्या मुठींत येई. त्यांत कांहीं वावगें आहे असें कोणास वाटत नव्हतें. निदान आम्हां ओटीवरल्या माणसांस वाटत नव्हतें.

आजोबांचें वागणें मात्र मला त्या वयांतहि चमत्कारिक वाटे. फेरीचा ढोल ऐकूं आला, कीं ते ओटीवरच्या बैठकीवरून उठून दाराशीं येत. गांधीनेहरूंचा जयजयकार होईपर्यंत ते उभे असत. पुढें मुलांनीं भाई कोतवालांच्या नांवाची घोषणा दिली, कीं ते वळून माजघरांत जात आणि फेरी निघून गेल्याखेरीज बाहेर येत नसत. एकदां मीं आजीला विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "त्यांची संध्या राहिली असेल." संध्या त्यांनीं पहांटेंच केलेली असे, हें मला ठाऊक होतें.

भाई कोतवालांविषयीं शाळेंत आम्हांला पुष्कळ सांगत. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजीं माथेरान येथें एका नाभिक कुटुंबांत झाला. गरिबींतून शिकून ते वकील झाले, माथेरानच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. पण त्यांचें लक्ष राहिलें तें डोंगराखालच्या खेड्यांकडे. त्यांनीं तेथें शाळा काढल्या. १९४२ च्या चळवळींत ते भूमिगत झाले आणि आझाद दस्ता उभा करून, मुंबईच्या गिरण्यांना व आगगाड्यांना वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडूं लागले. आमच्याच डोंगरांच्या पाण्यावर वीज होते, भिवपुरीचें वीजघर १९२२ पासून चालू आहे. मनोरे आमच्या माळांवरून जात, आणि वाडींत मात्र चिमणी जळे. सरकारनें त्यांच्यावर इनाम लाविलें. २ जानेवारी १९४३ च्या पहांटे सिद्धगडच्या रानांत पोलिसांनीं दस्त्याला गांठलें. गोळीबारांत प्रथम मानिवली गांवचे हिराजी गोमाजी पाटील पडले आणि मग भाई कोतवाल. कोतवालांना तेव्हां तीस वर्षें पूर्ण होऊन एक महिना झाला होता. सिद्धगड मुरबाड तालुक्यांत, सह्याद्रीच्या त्याच रांगेंत आहे. तेथें दरवर्षीं २ जानेवारीस पहांटे लोक जमतात. माथेरानचा डोंगर आमच्या मावळतीकडे आणि सिद्धगडची रांग उगवतीकडे. जन्म त्या डोंगरावर, मरण या डोंगरावर, आणि या दोन डोंगरांच्या मधलीं खेडीं हें त्यांचें कार्यक्षेत्र. आमचे गुरुजी भूगोलाच्या तासाला देखील दोन्ही बाजूंस हात करून हेंच सांगत, आणि नकाशापेक्षां तें आम्हांला अधिक समजे.

शाळेंत जें सांगितलें नाहीं तें मला माझ्या वर्गांतील एका ठाकराच्या मुलीनें सांगितलें. १९५९ च्या फेरींत आजीनें वरून टाकलेली वडी तिच्या हातावरून उडून धुळींत पडली. आजीनें तिला दुसरी दिली, तीहि वरूनच. पुढल्या वर्षीं ही मुलगी हात पसरून आली नाहीं. परकराचा ओचा दोन्ही हातांनीं ताणून धरून आली. तिच्या मागच्या चार-पांच मुलींनींहि तसेंच केलें. वडी ओच्यांत पडे, आणि खालीं पडण्याची भीति नसे. आजी हंसून म्हणाली, "मोठ्या हुशार ग तुम्ही!" मला मात्र हंसूं आलें नाहीं. कां आलें नाहीं तें त्या वेळीं सांगतां आलें नसतें. त्या दिवशीं शाळेंत परततांना मीं त्या मुलीला विचारलें, "तूं हात कां नाहीं केलास?" ती म्हणाली, "तुमच्या घरचं समदं वरनंच पडतं. भात पन वरनंच पडायचा, आमचा आजा सांगतो."

हा भात म्हणजे काय, तें मीं आजीला विचारलें. आजी फार वेळ गप्प राहिली आणि मग तिनें मला खावटी म्हणजे काय तें समजावून सांगितलें. तिच्याच शब्दांत सांगावयाचें तर, "पावसाळ्यांत त्यांच्या घरांत दाणा नसतो आणि आपल्या कणग्यांत असतो, हाच सगळा धंदा." श्रावणाच्या सुमारास वाड्यांतील माणसें डोक्यावर इरलें घेऊन आमच्या पडवींत येत आणि मण, दोन मण भात उचलून नेत. सुगीला त्याचा दीडपट भात परत करावयाचा. मणाचा दीड मण, चारच महिन्यांत. एखाद्या वर्षीं फिटला नाहीं, तर राहिलेल्यावर पुन्हां दिढी. शिवाय माप आमचें. देतांना पायली सपाट करून द्यावयाची, घेतांना शीग भरून घ्यावयाची. आणि आमचा गडी पायली उंच धरून खालीं पसरलेल्या फडक्यांत ओती, म्हणून 'वरून'. आजोबा स्वतः मापाला कधीं हात लावीत नसत. ते वही लिहीत. त्यांचें अक्षर मोत्यासारखें होतें.

यांत आमचें घर कांहीं जगावेगळें वाईट होतें असें नाहीं. गांवोगांव असेंच चाले आणि देणाराला लोक 'माय-बाप' म्हणत. आजोबांनीं कोणाचा अपशब्दानें अपमान केल्याचें मीं पाहिलें नाहीं. दारीं आलेल्याला विन्मुख पाठवीत नसत. कोणी आजारी असला तर औषध देत. परंतु भाई कोतवालांनीं वकिली पुस्तकांतून एक साधी युक्ति काढली नाहीं, तर याच पडवीकडे पाहून ती काढली. शेतकऱ्यांनीं सुगीच्या वेळीं आपापलें थोडें धान्य एके ठिकाणीं साठवावें, आणि पावसाळ्यांत ज्याला नड असेल त्यानें तेथून उचलावें. सावकाराच्या पायरीला जाऊं नये. हीच त्यांची धान्यकोठी. मनोरे पाडणें हें पुस्तकांतून छापलें गेलें, त्यावर २०२० सालीं चित्रपटहि निघाला. पण माझी समजूत अशी आहे, कीं मनोऱ्यापेक्षां कोठी बांधणें हें अधिक धाडसाचें काम होतें. मनोरा परक्या सरकारच्या कामाचा होता. कोठी आपल्याच गांवांतल्या, आपल्याच नमस्कारांतल्या माणसांच्या विरुद्ध होती.

(खावटी हा शब्द पुढें सरकारनेंहि उचलला. आदिवासी कुटुंबांना खावटी कर्ज मिळूं लागलें, आणि २०२० सालीं महामारीच्या दिवसांत चार हजार रुपयांचें खावटी अनुदान जाहीर झालें, अर्धें रोख व अर्धें वस्तुरूपानें. वर्तमानपत्रांत तो शब्द वाचतांना मला आमची पडवी दिसली.)

आजीनें शेवटीं एक गोष्ट सांगितली, ती मीं इतकीं वर्षें कोणापाशीं बोललें नाहीं. सिद्धगडची बातमी गांवांत आली त्या दिवशीं आमच्या आळींत कोणीं चूल पेटविली आणि कोणीं पेटविली नाहीं, हें बायकांनीं बरोबर ध्यानांत ठेविलें होतें. आमच्याकडे स्वयंपाक झाला. पानें मांडलीं. आजोबा पाटावर बसले, चित्राहुति घातल्या आणि तसेच उठले. "जेवले नाहींत," आजी म्हणाली. "मीं कां म्हणून विचारलें नाहीं. विचारण्यासारखे हे नव्हते." त्यांना दुःख झालें, भीति वाटली, कीं ज्याच्यावर मनांतून राग धरिला तो असा गेल्याची लाज वाटली, याचा निवाडा आजीला पंचवीस वर्षें त्यांच्या शेजारीं राहून करतां आला नव्हता; मग मी काय करणार? त्यानंतर त्यांनीं दिढी सोडली का, असें मीं विचारलें. "सवाईवर आणली," ती म्हणाली. "आणि माप तसेंच ठेवलें."

पुढें जग बदललें. १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि आमचीं बहुतेक खाचरें कसणाऱ्या कुळांच्या नांवें झालीं. आजोबा कचेरींत गेले, सह्या करून आले आणि वह्यांचें बोंचकें बांधून माळ्यावर टाकलें. त्यांनीं कायद्याविरुद्ध दावा लाविला नाहीं. आमच्या नात्यांतील दोघांनीं लाविला आणि दहा वर्षें वकिलांना पोसलें. म्हणजे मीं पाहिलेल्या त्या दोन फेऱ्यांच्या वेळीं घरांत ना कणगे होते ना खावटी. उरली होती ती ओटी, परात आणि माजघराकडे वळणारी आजोबांची पाठ. १९६१ सालीं मी शिकण्यासाठीं पुण्यास आलें. १९६५ सालीं आजोबा वारले, त्यांच्यामागें दोन वर्षांनीं आजी. वडील नोकरीच्या गांवीं राहिले. घराला कुलूप लागलें.

त्या घराच्या कागदांवर सही करण्यासाठीं मला २०२५ च्या जानेवारींत कळंबला जावें लागलें. घर विकावयाचें ठरलें होतें. छपराची एक बाजू बसली होती आणि पडवींत कोणी तरी लाकडें रचून ठेविलीं होतीं. सह्यांचें काम शनिवारीं संपलें. दुसरे दिवशीं २६ जानेवारी, रविवार. तेव्हां मुद्दाम एक रात्र नेरळला एका आप्तांकडे काढली आणि सकाळीं सहालाच निघून कळंबला आलें. बरोबर पुण्याहून आणलेला तिळाच्या वड्यांचा डबा होता. रथसप्तमी अजून यावयाची होती. खोटें कशाला बोलूं, वड्या विकतच्या होत्या. माझ्यानें आतां पाक होत नाहीं.

मीं काय योजिलें होतें तें सांगतें, म्हणजे वाचकांस हंसावयास येईल. ओटी झाडून घ्यावयाची, आजी उभी राहत असे तेथेंच उभें राहावयाचें, फेरी थांबली कीं पायरीवर उतरून प्रत्येक मुलाच्या तळहातावर, तळहाताला आपलीं बोटें टेकवून, वडी ठेवावयाची. पासष्ट वर्षांपूर्वींचें वीतभर अंतर अशा रीतीनें भरून काढावें, असा माझा बेत होता. मोठा नाटकी बेत. पण माणसाला एकट्यानें प्रवास करतांना असे बेत सुचतात.

सात वाजून गेल्यावर ढोल ऐकूं आला. धुकें तसेंच होतें, थंडी तशीच होती. पुढें लेझीम होतें, त्यांत आतां मुलीच अधिक. मुलांच्या अंगांत गणवेश, बहुतेकांच्या पायांत बूट. कांहीं लहान मुलें तेवढीं अजून अनवाणी. एका मुलीनें भाई कोतवालांची आणि दुसरीनें हिराजी पाटलांची तसबीर छातीशीं धरिली होती. दोन-दोनांच्या रांगा होत्या आणि पाठीवर थाप मारण्याऐवजीं शिट्टी वाजविणाऱ्या एक बाई होत्या. घोषणांचा क्रम बराच बदलला होता. सावित्रीबाई फुले आणि बाबासाहेब आंबेडकर हीं नांवें आमच्या वेळीं नव्हतीं, तीं आतां आरंभींच येत होतीं. आमच्या घरासमोर येतां येतां मुलांनीं "भाई कोतवाल अमर रहे" म्हणून ललकारी दिली. माझी मान आपोआप माजघराच्या दाराकडे वळली. दाराला कुलूप होतें.

आणि फेरी थांबली नाहीं.

थांबण्याचें कारणच काय होतें? बंद घरासमोर कोण थांबतो? साडेआठाच्या आंत शाळेचें ध्वजवंदन उरकावयाचें होतें, मोठा समारंभ पुढें सव्वानवाला. बाई शिट्टी फुंकीत घाईनें मुलांना पुढें काढीत होत्या. एकदोघांनीं डबा घेऊन उभ्या असलेल्या म्हातारीकडे पाहिलें, इतकेंच. पाहतां पाहतां शेवटची जोडी आमच्या जोत्यासमोरून गेली. मी क्षणभर तशीच उभी राहिलें. मग डबा काखोटीस मारून पायऱ्या उतरलें आणि फेरीच्या मागून चालूं लागलें.

गुडघे दुखतात, तेव्हां चालणें म्हणजे माझें तें चालणेंच. परंतु शेवटच्या रांगेंतील मुलें लहान असल्यामुळें तींहि फार वेगानें जात नव्हतीं. बाजारांतून शाळेकडे जातांना ऊन डोंगरावरून खालीं उतरलें आणि रस्त्याच्या एका कडेला पडलें. सारी रांग नकळत त्या कडेला सरकली, आणि शिट्टी पुन्हां वाजली. शाळेच्या पटांगणांत पोंचेपर्यंत मला दम लागला होता. तेथें एका गुरुजींना विचारून डबा उघडला. नंतर जें झालें तें कांहीं समारंभपूर्वक झालें नाहीं. मुलांनीं मला गराडा घातला, दहा-बारा हात एकदम डब्यांत शिरले; कोणाच्या तळहाताला माझीं बोटें टेकलीं आणि कोणाच्या नाहींत, हें पाहण्यास मला उसंत मिळाली नाहीं. दोन मिनिटांत डबा रिकामा झाला आणि तळाशीं राहिलेले तीळ एका मुलानें बोटानें टिपून खाल्ले.

तोच मुलगा, सात-आठ वर्षांचा असेल, मग मला म्हणाला, "तुमी कोनाच्या?"

मीं आजोबांचें नांव सांगितलें. एके काळीं या पंचक्रोशींत तें नांव सांगितल्यावर माणसें उभीं राहत. त्यांत आदर किती आणि भात किती हा प्रश्न वेगळा. मुलानें थोडा विचार केला. शेजारच्या मुलीला विचारलें. तिनेंहि मान हलविली. त्याला तें नांव ठाऊक नव्हतें आणि ठाऊक नसल्याचें कांहीं वाटतहि नव्हतें.

"आळींतलं तें कुलपाचं घर," मी म्हणालें.

"हां, लाकडांचं," तो म्हणाला. त्यांतील लाकडें त्याच्या मामाचीं होतीं, असें त्याच्या बोलण्यावरून कळलें.

इतक्यांत मुलें सावधान उभीं राहिलीं. खांबाच्या टोकाशीं झेंड्याची घडी बांधलेली होती; मुखिया कोणी तरी पुढें होऊन दोरीला हात घालीत होता. त्या मुलानें माझ्या पदराला धरून मला दोन पावलें पुढें ओढलें.

"आजी, हिकडं या. आतां दोरी वढतील, मंग फुलं पडतील. तितून दिसत नाय."